मयताची हरकत

जालन्याच्या मस्तगडात त्या काळी कॉफी दोनच कारणांनी व्हायची. एक, घरात कुणी अंथरूण धरलं की. आणि दुसरं, मुलगी बघायला पाहुणे आले की. दोन्ही वेळेला पिणाऱ्याचा चेहरा साधारण सारखाच असायचा. एरवी सगळा मोहल्ला चहावर चाले. अशा मोहल्ल्यात, पुंजाराम हॉटेलवाल्याच्या बरोब्बर समोर, मुकुंदराव परतूरकरांनी चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात कॉफीचं दुकान काढलं. पहिल्याच दिवशी चौघांनी आत डोकावून "घरात कोण आजारी आहे?" असं काळजीने विचारलं.

मुकुंदराव सरकारी खात्यात आवक-जावक कारकून होते. बावीस वर्षं त्यांनी आलेले कागद एका वहीत चढवले आणि गेलेले कागद दुसऱ्या वहीत चढवले. चार माणसं घटकाभर टेकतील, बोलतील, आणि ज्यांच्यापुढे आपल्याला 'सविनय सादर' म्हणावं लागणार नाही, अशी एक जागा त्यांना हवी होती. फार मनापासून हवी होती. म्हणून त्यांनी तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. तीस जूनच्या आत दुकानाचा परवाना हातात पडला तर राजीनामा द्यायचा, नाही पडला तर एक जुलैला निमूटपणे वही उघडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. हे त्यांनी पत्नीला, म्हणजे शरयूताईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला.

सुरुवात पाटीपासून झाली. मच्छिंद्र पेंटरला त्यांनी 'मुकुंद कॉफी हाऊस' असं लिहून दिलं होतं. मच्छिंद्र कागद घरी विसरला आणि आठवेल तसं रंगवून मोकळा झाला. पाटी लागली 'मुकुंद काफी हौस'. जाणारे-येणारे ती मोठ्याने वाचत. ज्यांना हिंदी-उर्दू येत होतं ते, आणि मस्तगडात ते सगळ्यांनाच येतं, "मुकुंदाची हौस काफी झाली म्हणा की," असं म्हणून पुढे जात. मुकुंदरावांनी मच्छिंद्रला बोलावून जाब विचारला. त्याने मान वाकडी करून पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि "अक्षर कसं बसलंय पहा," एवढंच म्हणाला. अक्षर खरोखर चांगलं बसलं होतं.

जागा उषाबाईंची. त्या मागच्या खोल्यांत एकट्या राहत आणि पुढची खोली चौदा वर्षं कुलपात होती. तिथे त्यांचे सासरे गजाननराव अर्जनवीस बसत. निजामाच्या राजवटीत ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत आणि राजवट गेल्यावर मराठीत. त्यांना अशुद्ध लेखन सहन होत नसे. एका माणसाने फाशीच्या माफीचा अर्ज स्वतःच लिहून आणला, तेव्हा गजाननरावांनी आधी त्यातल्या वेलांट्या सुधारल्या आणि मग खून कुणाचा केला ते विचारलं, अशी आठवण मोहल्ल्यात सांगत असत.

उषाबाईंची अट एकच होती. "खिडकीपासची वेताची खुर्ची तेवढी हलवायची न्हाई. मामंजींची हाये."

"हलवली तर काय होईल?" मुकुंदरावांनी हसून विचारलं.

"कुणी हलवून पाह्यलीच न्हाई," उषाबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली जुन्या स्टँपपेपरची घडी सारलेली होती. मुकुंदरावांनी तिच्यापुढे एक टेबल मांडलं आणि विषय मिटवला.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता पितळी फिल्टरमधून पहिला काढा उतरला, म्हैसूरहून पार्सलने आलेल्या पुडीचा. दुधात मिसळून, वरून फेस आणून मुकुंदरावांनी पहिला कप भरला. तेवढ्यात पुंजाराम रस्ता ओलांडून आला. धंद्यातला प्रतिस्पर्धी म्हणून त्याने कपाळावर आठ्या घालून यायला हवं होतं, पण पुंजारामला सल्ला द्यायची आवड धंद्यापेक्षा जास्त होती.

"साहेब, पहिला कप रस्त्याला द्या."

"रस्त्याला?"

"तीस वर्षं झाली, मी रोज पहिला कप रस्त्यावर वततो. माझा बाप वतायचा. ज्याचं त्याला दिलं म्हंजे मंग कुणी आत येऊन मागत न्हाई."

"कुणी म्हणजे कोण?"

"ते म्या कशाला विचारू? मी वतून राह्यलो, तो येत न्हाई. हिसाब बराबर."

मुकुंदराव शिकलेले होते, आणि पार्सलला पाच दिवस लागत. रस्त्याला कॉफीची सवय नाही, उगाच जागरण होईल, असं काहीतरी बोलून त्यांनी पुंजारामला वाटेला लावलं. मग त्यांना एक युक्ती सुचली. तो कप त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर, वेताच्या खुर्चीपुढे ठेवला. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, गिऱ्हाईक बसलेलं आहे, आत्ताच हात धुवायला उठलं असेल. आपल्या चातुर्यावर खूश होऊन ते आत दूध बघायला गेले.

परत येऊन बघतात तो कप रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे. तळाशी थेंब नाही, कडेला फेस नाही, आणि बशीवर चमचा पालथा ठेवलेला. मुकुंदरावांना पुंजारामचा संशय आला. समोर पाहिलं तर पुंजाराम भज्यांचं पीठ कालवत होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कप ठेवला आणि दाराआड उभं राहून पाळत ठेवली. काही झालं नाही. फक्त एकदा डोळ्यात कुसळ गेलं म्हणून त्यांनी डोळा चोळला, आणि बघतात तो कप रिकामा. चमचा पालथा.

मे महिना उजाडला. जालन्यात उन्हाळ्याची दुपार फार भयाण असते. बाराच्या सुमाराला रस्ता पांढरा पडतो, कुत्रीसुद्धा गटारात जाऊन निजतात, आणि पाचशे पावलांवर कुणी खोकललं तरी कानाशी खोकलल्यासारखं वाटतं. अशा वेळी दुकानात एकटं बसलेल्या मुकुंदरावांना रोज खुर्चीचा आवाज यायचा. कर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा कर्र, एखाद्याने बैठक सावरावी तसा. उन्हाने लाकूड फुगतं, वेत ताणतो, हे त्यांनी स्वतःला समजावलं. पण एके दिवशी कर्र झाल्यावर पाठोपाठ घसा खाकरल्याचा आवाज आला. लाकूड घसा खाकरतं असं त्यांनी कुठेच वाचलं नव्हतं. ते भर बारा वाजता दुकान उघडं टाकून घरी गेले.

"कुणीतरी पितंय ना?" शरयूताई म्हणाल्या. "माझ्या हातची कॉफी इतक्या वर्षांत कुणी तळापर्यंत प्यालेलं मी पाहिलं नाही. तुम्ही घाबरता कशाला?"

"मी घाबरलो नाही. मी चौकशी करतोय."

"मग पायात माझ्या चपला का?"

मुकुंदरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायात शरयूताईंच्या चपला नव्हत्या, उषाबाईंच्या होत्या. त्या त्यांनी मागच्या दाराने गुपचूप परत ठेवल्या.

चौकशी देवानंद मास्तरांनी केली. देवानंद शाळेत मराठी आणि विज्ञान शिकवायचे, रोज चारला येऊन वह्या तपासत बसायचे, आणि खरं सांगायचं तर दुकानाचं नियमित असं ते एकच गिऱ्हाईक होतं. भूतबित असल्या गोष्टींचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "बाबासाहेबांच्या माणसाला या गोष्टी सांगू नका, मुकुंदराव," ते म्हणाले. "मांजर असंल न्हाई तर घूस असंल. आपण प्रयोग करू." त्यांनी सकाळी लवकर येऊन खुर्चीभोवती राखेचं रिंगण घातलं, चाळणीने, अगदी सारखं. कप ठेवला. दोघं शेजारी उभे राहिले. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि दोघांनी एकदमच मान वळवली.

कप रिकामा होता. राखेवर माशीचासुद्धा पाय उमटला नव्हता.

देवानंदांनी गुडघे टेकून राख निरखली. बराच वेळ निरखली. "प्रयोग अपूर्ण हाये," ते उठत म्हणाले. त्या दिवसापासून ते दाराजवळच्या टेबलाशी बसू लागले. तिथे उजेड चांगला येतो, असं ते म्हणत, आणि येतही होता.

इकडे परवान्याचं घोडं अडलं होतं. परवान्याच्या कचेरीत सर्जेराव नावाचे निरीक्षक होते, निवृत्तीला आलेले, सज्जन. त्यांनी जाड वही काढली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"या जागेवर परवाना हाये की आधीच."

"कुणाचा?"

"गजाननराव अर्जनवीस. अर्जनविशीचा."

"अहो, ते वारले. चौदा वर्षं झाली."

"वारले ते मलाबी म्हाईत हाये. मयतीला गेलो असतो, पण ते बाहेरगावी वारले." सर्जेरावांनी वहीवर बोट आपटलं. "पण इथं न्हाई वारले. मृत्यूचा दाखला आना, न्हाई तर त्येंचं ना-हरकत पत्र आना."

"ते कसं पत्र देतील?"

"म्हनून तर दाखला आना म्हनलं. मी बिलकुल अडवून राह्यलो न्हाई."

गजाननराव वारले होते केदारखेड्याला, एका लग्नात. उन्हातान्हाचे मुकुंदराव एस.टी.त बसले, त्यांना डुलकी लागली आणि जाग आली ती भोकरदनच्या स्टँडवर. तिथून उलट गाडीने ते दुपारी केदारखेड्यात उतरले. ज्या घरचं लग्न होतं त्या घरच्या मालनबाईंना सगळं लख्ख आठवत होतं.

"माझ्या नणंदेच्या लग्नात आल्ते ना. आमच्या मामाच्या जमिनीचा अर्ज त्येंनीच लिवल्ता, म्हनून मानाचं बोलवणं व्हतं. पंगतीत बसले, जिलबी वाढली, आन म्हनले, 'पत्रिकेत आगमनातला ग ऱ्हस्व केलाय कुणी?' आन तसेच मागं टेकले."

"ग ऱ्हस्व होत नाही," मुकुंदराव म्हणाले.

"मला काय म्हाईत बाबा. कायतरी चुकलं व्हतं. त्येच्यानंच गेले."

गावच्या त्या वर्षीच्या नोंदवहीत मृत्यूची नोंद सापडली. तारीख बरोबर होती. लग्नाच्या गडबडीत लिहिणाऱ्याने नावाच्या रकान्यात 'वऱ्हाडी इसम, एक' एवढंच लिहिलं होतं. मुकुंदरावांनी त्याची नक्कल आणली. सर्जेरावांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "वऱ्हाडी तर मीबी पुष्कळदा असतो."

आता जून लागला होता. मुकुंदरावांचा धीर सुटत चालला होता. आपण पुन्हा त्या टेबलाशी बसलो आहोत, पुढे वही आहे आणि आतून साहेब घंटी दाबतायत, असं त्यांना बसल्याजागी दिसायचं. शेवटी सर्जेरावांनाच दया आली. म्हणाले, "मी मौक्यावर येतो. डोळ्यानं पाहतो, जागेत तुम्हीच हायेत असा रिपोर्ट करतो. मंग साहेब सही करतील."

ते आले ते नेमके बाराला. मुकुंदरावांनी त्यांना कॉफी दिली. खिडकीजवळ सकाळचा कप होता. त्या दिवशी कसा कोण जाणे तो अजून भरलेला होता. सर्जेराव घाम पुसत इकडे तिकडे बघत होते. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. आणि खुर्ची बोलली. कर्र.

सर्जेरावांचा रुमाल कपाळावरच राहिला. खिडकीजवळच्या कपातली कॉफी हळूहळू खाली जात होती. घोट, मग थांबणं, मग घोट. फेस कडेला चिकटत चिकटत तळाला गेला. चमचा आपोआप उचलला गेला असं मुकुंदराव नंतर कधी म्हणाले नाहीत, आणि सर्जेरावही म्हणाले नाहीत. पण तो पालथा झाला हे दोघांनी पाहिलं. मग खाकरल्याचा आवाज आला. सर्जेरावांनी तिथेच रिपोर्ट लिहिला आणि टोपी विसरून गेले.

आठवड्याने कचेरीतून कागद आला. मुकुंदराव तो उभ्याउभ्या वाचून खाली बसले. अर्ज नामंजूर झाला होता. कारण: 'निरीक्षकांच्या अहवालानुसार पूर्वीच्या परवानाधारकाची हरकत असल्याने.'

मुकुंदराव तडक सर्जेरावांकडे गेले. "तुम्ही काय लिहिलं होतं?"

सर्जेरावांनी नक्कल दाखवली. 'मौका पाहणी केली. मयताची हरकत आहे. आम्ही खुद्द आपल्या डोळ्यांनी पाहिली.'

"मयताची हरकत?"

"हरकत म्हंजे हालचाल हो! आमचं सारं शिक्षन उर्दूत झालं. तिथं हरकत म्हंजे हलनं. ते हलून राह्यले होते, मी हरकत लिवलं. आता साहेब पुन्याकडचे. त्येंनी मराठीत वाचलं."

"मग दुरुस्त करा ना!"

"काय दुरुस्त करू? मयत हलत न्हाई असं लिवू?" सर्जेरावांनी नक्कल परत फाइलीत सारली. "मुकुंदराव, तीस वर्षं नोकरी झाली. खोटा रिपोर्ट केला न्हाई. आता जाता जाता कसा करू? तुम्ही असं करा, त्येंच्याकडूनच लिवून आना. त्येंची हरकत न्हाई म्हनून."

एव्हाना ही बातमी मस्तगडात पसरली होती. बाराला दुकानात गर्दी होऊ लागली. पुंजारामसुद्धा आपलं हॉटेल सोडून येऊन कोपऱ्यात उभा राही. लोक कॉफी मागवत, ती हातात धरून खिडकीकडे टक लावत, आणि कर्र झालं की एका दमात पिऊन बाहेर पडत. कॉफी कशी आहे हे कुणीच सांगत नसे. मुकुंदरावांना हे फार लागलं. एवढी म्हैसूरची पूड, एवढा फेस, आणि लोक येतात ते रिकाम्या खुर्चीसाठी. गर्दी असून उपयोग काय, परवाना नव्हता. चोवीस जून उजाडला.

पंचवीसला सकाळी त्यांनी शरयूताईंना सांगितलं, "मी अर्ज करणार आहे."

"कुणाला?"

"त्यांना."

शरयूताईंनी कोरा कागद काढून दिला. मुकुंदराव दुकानात आले, बसले, आणि बावीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालू लागला. 'प्रति, रा. रा. गजाननराव अर्जनवीस, मुक्काम वेताची खुर्ची. सविनय सादर करण्यात येते की…' ज्या शब्दापासून पळून आलो तोच शब्द आपण रिकाम्या खुर्चीपुढे लिहितो आहोत, हे लक्षात येऊन त्यांना रडू फुटेलसं झालं. तरी त्यांनी अर्ज पुरा केला. आपली रजा, आपली इच्छा, तीस जून, सगळं लिहिलं. कागद कपाजवळ ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या दिवशी खुर्ची बराच वेळ कुरकुरत होती. मध्ये एकदा जिभेने चुकचुकल्यासारखा आवाज आला. मग कागदाची सळसळ. मग काहीच नाही.

मुकुंदरावांनी वळून पाहिलं. कप रिकामा होता. कागदावर निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. 'मी' वर टिंब दिलं होतं, 'करतो'चं 'करितों' केलं होतं. दुसरा परिच्छेद, ज्यात मुकुंदरावांनी आपलं मन उघडं केलं होतं, तो अख्खा एका तिरक्या रेघेने छाटून बाजूला 'पाल्हाळ' असा शेरा दिला होता. आणि खाली, वळणदार अक्षरात, 'ना हरकत', सही, आणि शिक्क्याच्या जागी कपाच्या बुडाचं गोल वर्तुळ.

मुकुंदरावांच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी रागही आला. चारला देवानंद आले तेव्हा कागद त्यांच्यापुढे टाकून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा, हे टिंब बरोबर आहे का?"

देवानंदांनी कागद हातात घेतला. पेन्सिलीवरून बोट फिरवलं, बोटाला निळं लागलं. "नव्या नियमानं तुमचं बराबर," ते हळू आवाजात म्हणाले. "बासष्टला हे अनुस्वार गेले. पण हे वारले त्याच्या आधी. त्यांना कुणी सांगितलंच नसंल."

"मग तुम्ही सांगा."

देवानंदांनी खिडकीकडे एकदा पाहिलं. "मोठ्या माणसाला कशाला," म्हणाले आणि वह्या पुढे ओढल्या.

सर्जेरावांनी तो कागद पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांचा अर्ज याच हाताने लिहिला होता. तो कागद अजून घरी होता. सर्जेरावांनी अर्जाला भोक पाडून तो फाइलला लावला, 'सोबत एक' असं लिहिलं, आणि साहेबांनी सही केली. अठ्ठावीस जूनला परवाना मुकुंदरावांच्या हातात आला. शरयूताईंनी त्याला हळद-कुंकू लावलं.

एकोणतीसला सकाळी मुकुंदरावांनी नेहमीप्रमाणे पहिला कप खिडकीपाशी ठेवला. नऊ वाजले, दहा वाजले. कप भरलेलाच. बाराला माणसं जमली, रस्ता पांढरा पडला, सगळे श्वास धरून उभे राहिले. खुर्ची गप्प होती. अर्ध्या तासाने कुणीतरी जांभई दिली आणि लोक पुंजारामकडे चहाला गेले. कॉफीवर जाड साय आली होती.

"त्येंनी लिवून दिलं ना, ना हरकत म्हनून," संध्याकाळी टोपी न्यायला आलेले सर्जेराव म्हणाले. "उर्दूत लिवलं असंल."

मुकुंदरावांना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायलाही जमत नव्हतं. सबंध मस्तगडात त्यांची कॉफी कुतूहलाने नव्हे, भीतीने नव्हे, तर आवडीने पिणारा एकच माणूस होता आणि तो गेला होता. दोन महिन्यांत त्या माणसाने एक दिवस चुकवला नव्हता.

उषाबाई मागच्या दारातून आल्या. भरलेला कप पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"गेले?"

"तसंच दिसतंय."

त्यांनी पदराने डोळे टिपले. "केदारखेड्याला निघाले त्या सकाळी मला म्हनले, 'उषा, घोटभर कॉफी कर.' हैदराबादेला कोर्टात जायचे तेव्हाची सवय. मी म्हनलं, 'कॉफी कशाला, आजारी हायेत का तुम्ही?' टोपी घातली आन गेले." त्या कपाकडे बघत राहिल्या. "पाच मिनिटाचं काम होतं हो."

मुकुंदरावांनी त्यांना आत नेऊन बसवलं आणि एक कप कॉफी करून दिली. उषाबाईंनी ती आयुष्यात पहिल्यांदा, धडधाकट असताना, प्यायली.

तीस जून. रजा संपायचा दिवस. परवाना भिंतीवर होता, पण सकाळपासून दुकानात कुणी आलं नव्हतं. आता राजीनामा पाठवायचा की उद्या वही उघडायची, हे मुकुंदरावांना काही केल्या ठरवता येईना. पुंजाराम येऊन म्हणाला, "आता तरी वता की रस्त्यावर. मोकळं व्हा." मुकुंदरावांनी कप उचलला, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि परत आले. कप पुन्हा खिडकीपाशी ठेवला.

मग ते राजीनाम्याचा अर्ज लिहायला बसले. अतिशय जपून लिहिला. पाल्हाळ लावला नाही. एकेक शब्द पारखून घेतला. आणि सगळ्यात शेवटी, विषयाच्या ओळीत, त्यांनी मुद्दाम 'राजिनामा' असं लिहिलं. 'जी'ला पहिली वेलांटी. बावीस वर्षांत त्यांच्या हातून अशी चूक झाली नव्हती, हात लिहायला तयार होईना. कागद कपाजवळ सरकवला. याला हात लागला तर पाठवायचा, नाही लागला तर फाडायचा.

ते वळले आणि शेगडीवर दूध ठेवून भिंतीकडे बघत उभे राहिले. बाहेर कुणी नव्हतं. ऊन पांढरं झालं होतं. दूध गरम होऊ लागलं, कडेला बुडबुडे आले. काही नाही. साय वर उचलली गेली. काही नाही.

कर्र.

दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरलं, जळल्याचा वास सुटला, तरी मुकुंदराव वळले नाहीत. मागे कुणीतरी घसा साफ करत होतं. कागद सळसळला. पेन्सिल एकदा ओढली गेली, थांबली, पुन्हा ओढली गेली. बराच वेळ ओढली जात होती. शेवटी बशीवर चमचा पालथा पडल्याचा बारीक आवाज आला.

मुकुंदराव हळूच टेबलापाशी गेले. कप तळापर्यंत रिकामा होता. कागद त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

मुद्दाम केलेली चूक एकच होती. दुरुस्त्या सात होत्या.

मुकुंदरावांनी त्या सातही पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांतल्या पाच नव्या नियमाने मान्य करण्यासारख्या नव्हत्या, हे त्यांनी खुर्चीकडे बघून स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग दुसरा कागद घेतला, खुर्चीसमोर स्टूल ओढलं, आणि अनुस्वारांसकट राजीनामा स्वच्छ उतरवायला बसले.